कायद्याविरुद्ध दाद : प्रस्तावना

विधिमंडळाने रीतसर संमत केलेला आणि राजपत्रात छापून आलेला एखादा कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला, अशी वार्ता वृत्तपत्रांत झळकली की तिचे स्वागत आणि निषेध करणारे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, न्यायाधीशांनी सरकारच्या वाईट कायद्याची चांगली खोड मोडली, आणि दुसरा म्हणतो, ज्यांना कोणी निवडून दिले नाही अशा दोन-चार गृहस्थांनी लाखो मतदारांच्या प्रतिनिधींचे म्हणणे धुडकावून लावले. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे हाडवैरी असले तरी एका गृहीतावर त्यांचे संपूर्ण मतैक्य असते, आणि ते गृहीत असे की न्यायालयाने त्या कायद्याचे बरेवाईटपण तपासले. पुढील पृष्ठांत ज्या विषयाचे विवेचन यावयाचे आहे त्याच्या वाटेत हे गृहीत आडवे पडलेले असल्यामुळे प्रारंभीच ते बाजूला सारणे इष्ट होय. हा कायदा करण्याचा अधिकार या विधिमंडळाला होता काय, एवढेच न्यायालयाने विचारावयाचे असते. कायदा शहाणपणाचा आहे की मूर्खपणाचा, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा मानण्याची परंपरा आहे. बांधाची तकरार मिटविण्यास आलेला मोजणीदार साखळी टाकून हद्द पाहतो, शेतात ज्वारी उभी आहे की तण माजले आहे याची तो विचारपूस करीत नाही. परंतु आमच्या घटनेने या मोजणीदाराच्या हाती एक कसोटी अशी दिली आहे की पिकाकडे पाहिल्यावाचून त्याला हद्द ठरविताच येऊ नये. आणि या विषयातील सारी गोडी व सारी अडचण त्या कसोटीत साठलेली आहे, असे माझे मत आहे.

कायद्याची ही परीक्षा प्रजासत्ताकाबरोबरच जन्मास आली, हा समज सार्वत्रिक असला तरी यथार्थ नाही. इंग्लंडात पार्लमेंट सार्वभौम. तिने केलेला कायदा तेथील न्यायालयाने रद्द करावा, ही कल्पनाच त्या देशाच्या परंपरेला न मानवणारी. पण त्याच पार्लमेंटने हिंदुस्थानासाठी जी विधिमंडळे निर्माण केली ती तिच्या सनदेवर जगणारी होती, आणि सनदेवर जगणाऱ्याला सनदेतील कलमे कोणी तरी वाचून दाखवावीच लागतात. गारो टेकड्यांच्या कारभाराविषयी 1869 मध्ये झालेल्या एका कायद्याने बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नराला जो अधिकार दिला होता तो कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने अवैध ठरविला, आणि 1878 मध्ये बुराह प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरविला. कायदा वाचला, परंतु वाचविताना जे तत्त्व मांडले गेले ते पुढील सर्व इतिहासाचे बीज ठरले: हिंदुस्थानच्या विधिमंडळाची सत्ता त्याला जन्म देणाऱ्या कायद्याने मर्यादित आहे, ती मर्यादा ओलांडली गेली की नाही हे पाहण्याचे काम प्रस्थापित न्यायालयांचे आहे, आणि मर्यादेच्या आत मात्र ते विधिमंडळ पार्लमेंटसारखेच पूर्णाधिकारी आहे. 1935 च्या कायद्याने विषयांच्या याद्या करून काही विषय मध्यवर्ती सरकारकडे, काही प्रांतांकडे आणि काही दोघांकडे सोपविले, तेव्हा हद्दीचे तंटे अपरिहार्य झाले आणि ते सोडविण्यासाठी 1937 मध्ये दिल्लीस फेडरल कोर्ट स्थापन झाले. त्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत सर मॉरिस ग्वायर आणि सर शाह मुहम्मद सुलेमान यांच्या जोडीला आमचे मुकुंदराव जयकर होते. या न्यायालयासमोर आलेले पहिले मोठे प्रकरण नागपूरच्या विधिमंडळाचे होते. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने पेट्रोल आणि वंगणतेल यांच्या किरकोळ विक्रीवर 1938 मध्ये कर बसविला. मध्यवर्ती सरकारचे म्हणणे असे की हा नावाने विक्रीकर असला तरी स्वरूपाने उत्पादनशुल्क आहे आणि तो बसविण्याचा अखत्यार आमचा. न्यायालयाने प्रांताच्या बाजूने कौल दिला. कर योग्य होता की अयोग्य, पेट्रोल महाग झाल्याने नागपूरकरांचे काय झाले, यासंबंधी कोणी प्रश्न विचारला नाही.

अमेरिकेच्या घटनेत हा अधिकार न्यायालयाला शब्दशः दिलेला नव्हता. सरन्यायाधीश मार्शल यांनी 1803 मध्ये तो तर्काने सिद्ध केला आणि त्याबद्दलचा वाद त्या देशात अद्यापि पुरता शमलेला नाही. आमच्या घटनाकारांनी हा वाद शिल्लकच ठेवला नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत होय, असे अनुच्छेद 13 मध्ये लिहून ठेविले. दाद मागण्याचे दार अनुच्छेद 32 ने सर्वोच्च न्यायालयात आणि अनुच्छेद 226 ने उच्च न्यायालयांत उघडले. तथापि न्यायालय कायद्यांच्या शोधात स्वतः बाहेर पडत नाही. फिर्याद घेऊन कोणी तरी त्याच्या दाराशी यावे लागते. शिवाय परीक्षेला उभा करावयाचा तो ‘कायदा’ कोणता, हाही प्रश्न दिसतो तितका सरळ नाही: द्विभार्या-प्रतिबंधाच्या मुंबईच्या 1946 च्या कायद्यावरून उद्भवलेल्या नरसू आप्पा माळी प्रकरणात, 1951 मध्ये, न्यायमूर्ती छागला व गजेंद्रगडकर यांनी तो कायदा तर वैध ठरविलाच, पण हिंदू किंवा मुसलमान यांचा वैयक्तिक विधी अनुच्छेद 13 च्या व्याख्येत मुळी येतच नाही, असेही सांगून टाकले, आणि त्या मताची छाया आजही या क्षेत्रावर पडलेली आहे.

हद्द पाहण्याचे हे काम प्रत्यक्षात कसे चालते हे समजून घ्यावयाचे तर सोलापूरला जावे. तेथील सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला गावकरी जुनी मिल म्हणत, ती 1949 मध्ये व्यवस्थापकांनी बंद केली आणि हजारो कामगारांच्या चुली विझल्या. केंद्र सरकारने 1950 च्या जानेवारीत अध्यादेश काढून आणि पुढे त्याचाच कायदा करून गिरणीचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांच्या हाती दिला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की या कायद्याचा अंमल साऱ्या हिंदुस्थानात एकाच कंपनीपुरता होता. तिचे नावच कायद्याच्या शीर्षकात होते. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात विचारले, की कायद्यापुढे सर्व समान असतील तर बंद पडलेल्या अन्य गिरण्या सोडून आमचीच का धरली? पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी 1950 च्या डिसेंबरात त्याची याचिका फेटाळली. त्यांचे म्हणणे असे, की कायदा वैध आहे हे गृहीत धरूनच न्यायालयाने आरंभ केला पाहिजे, विधिमंडळाला आपल्या लोकांच्या गरजा ठाऊक असतात असे मानले पाहिजे, आणि अन्य गिरण्याही याच अवस्थेत होत्या हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर आहे; तो त्याने उचलला नाही. उरलेल्या दोघांनी, म्हणजे पतंजली शास्त्री आणि सुधीरंजन दास यांनी, हे मानले नाही. ज्या कायद्याच्या शब्दांतच एकाला वेगळे काढल्याचे दिसते आणि वेगळे काढण्याचे कारण मात्र दिसत नाही, तेथे गृहीताचा आधार घेऊन तक्रारदाराला अशक्य पुरावा मागणे बरोबर नव्हे, अशा आशयाचे त्यांचे मत होते. आणि मला स्वतःला, इतक्या वर्षांनंतर दोन्ही बाजूंची निवाडापत्रे वाचताना, अल्पमताचा युक्तिवाद अधिक सशक्त वाटतो. गिरणी वाचवावी असे वाटणाऱ्याला तो पटणार नाही, हे मी जाणून आहे.

पण कथा येथे संपली नाही. सरकारनियुक्त संचालकांनी भागधारकांकडे भागांच्या उरलेल्या रकमेची मागणी केली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास नावाच्या दुसऱ्या भागधारकाने तीच तकरार निराळ्या अनुच्छेदाखाली पुन्हा उभी केली. समानतेचा प्रश्न त्याने सोडून दिला आणि म्हटले, की माझी मालमत्ता मोबदल्यावाचून घेतली जात आहे. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. सर्वोच्च न्यायालयात 1953 च्या डिसेंबरात जिंकला. गिरणीची मालकी नावापुरती कंपनीकडे ठेवून तिचा सर्व कारभार काढून घेणे म्हणजे मालमत्ता हिरावून घेणेच होय, असे न्यायालयाने ठरविले आणि तीन वर्षांपूर्वी ज्या कायद्याला जीवदान मिळाले होते तो कायदा त्याच न्यायालयात कोसळला. सामान्य वाचकाला हा लहरीपणा वाटेल. वस्तुतः कायदा सर्वांगाने वैध आहे असे न्यायालय कधीच म्हणत नाही. ज्या मुद्द्यावर तो हाणून पाडण्याचा प्रयत्न झाला त्या मुद्द्यावर तो पडला नाही, एवढेच ते म्हणते. सरकारनेही हार मानली नाही: 1955 मध्ये चौथी घटनादुरुस्ती करून, सार्वजनिक हितासाठी एखाद्या मालमत्तेची व्यवस्था मर्यादित काळापुरती ताब्यात घेणारे कायदे अशा आक्षेपांपासून सुरक्षित करण्यात आले. सोलापूरच्या एका गिरणीने देशाची घटना बदलविली, ही गोष्ट सोलापूरकरांनाही फारशी ठाऊक नसावी.

मुंबईच्या दारूबंदीच्या कायद्याचा वृत्तांत याहूनही बोधप्रद आहे. 1949 च्या या कायद्याने मद्याची व्याख्या इतकी विशाल केली की ज्या द्रवात अल्कोहोलचा अंश आहे तो प्रत्येक द्रव तिच्या पोटात सामावला. परिणामी व्हिस्की आणि ब्रँडी यांच्या पंक्तीस ओ-द-कोलोन, लॅव्हेंडरचे पाणी आणि औषधांच्या बाटल्या येऊन बसल्या. एफ. एन. बलसारा या मुंबईकराने या सर्वच वस्तू बाळगण्याचा, वापरण्याचा आणि आयात करण्याचा आपला हक्क सांगत उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 25 मे 1951 रोजी न्यायमूर्ती फझल अली यांनी पाच जणांच्या पीठाच्या वतीने निकाल दिला. पहिला प्रश्न अर्थातच अखत्याराचा. मादक पेये हा विषय प्रांताच्या यादीत, पण परदेशातून येणाऱ्या मालाची आयात केंद्राच्या यादीत. मग विलायती मद्य बाळगण्यास बंदी करणे हे केंद्राच्या हद्दीत पाऊल टाकणे नव्हे काय? न्यायालयाने उत्तर दिले, की कायद्याचे सार काय आहे ते पाहावे. सार प्रांताच्या हद्दीत असेल तर त्याची सावली शेजारच्या हद्दीत पडली म्हणून कायदा रद्द होत नाही. अखत्याराच्या परीक्षेत कायदा असा उत्तीर्ण झाल्यावर हक्कांची परीक्षा सुरू झाली, आणि येथे न्यायालयाने संपूर्ण कायद्यावर कुऱ्हाड न घालता चाकूने काम केले. पिण्याच्या मद्यावरील बंदी राहिली. औषधी व प्रसाधनाच्या द्रवांना लागू होईल तेवढ्यापुरती ती अवाजवी म्हणून कापली गेली. मादक पदार्थाची भलामण करणे हाही या कायद्याने गुन्हा केला होता. ते कलम भाषणस्वातंत्र्याला बाधक म्हणून गेले. (उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणणारे माधव जूलियन हा कायदा होण्यापूर्वी दहा वर्षे निवर्तले होते, म्हणून त्यांचा जबाब घेण्याचा प्रसंग पोलिसांवर आला नाही.) असे काही तुकडे काढून टाकल्यावर जे उरले ते स्वतःच्या पायावर उभे राहू शकते, असा निर्वाळा देऊन न्यायालयाने कायद्याचा देह जिवंत ठेविला.

या शस्त्रक्रियेचे दूरगामी परिणाम मात्र खालच्या न्यायालयांत दिसले. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून पकडलेला माणूस आता म्हणू लागला, की मी अल्कोहोलयुक्त औषध घेतले होते. तसे औषध घेतल्याचे त्याने सिद्ध करावे, की घेतले नव्हते हे सरकारने? हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि कायद्याचा जो भाग घटनेने मारला तो कायद्यात नाहीच असे समजून पुढे चालावयाचे असल्याने भार सरकारवरच राहतो, असे ठरले. घटनेतील एका अनुच्छेदाचा अर्थ असा प्रवास करीत पोलीस चौकीतल्या पंचनाम्यापर्यंत येऊन पोहोचतो.

बलसारा प्रकरणाच्या निकालातील आणखी एक मुद्दा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. दारूबंदीतून लष्करी खानावळी, युद्धनौका आणि परदेशी प्रवासी यांना सूट देण्याची तरतूद होती, आणि ही सूट समानतेचा भंग करते असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य मानली, कारण सैनिकांची जीवनपद्धती निराळी आणि हे वर्गीकरण सकारण. आता याच्या शेजारी 2005 मधील डान्स बारबंदी ठेवून पाहावी. महाराष्ट्र सरकारने साध्या मद्यगृहांतील नृत्य बंद केले, परंतु तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना, क्लबांना आणि जिमखान्यांना मोकळीक दिली. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निर्णय कायम केला: जे नृत्य लहान जागी अनैतिक, ते महागड्या जागी नैतिक कसे होते, याचे समाधानकारक उत्तर सरकारपाशी नव्हते. भेद करण्यास न्यायालयाची हरकत नसते. भेदाचा आणि कायद्याच्या हेतूचा काही तरी धागा जुळला पाहिजे, एवढी त्याची मागणी असते. सैनिकांच्या बाबतीत तो धागा न्यायाधीशांना दिसला, तारांकित हॉटेलांच्या बाबतीत दिसला नाही. या दोन निर्णयांमधील अंतर केवळ तर्काचे आहे की मधल्या साठ वर्षांत न्यायालयाच्या दृष्टीचेही आहे, हे मी वाचकावर सोडतो.

आरंभी ज्या कसोटीचा उल्लेख केला ती आता समोर आणावयास हरकत नाही. घटनेच्या अनुच्छेद 19 ने नागरिकांना जी स्वातंत्र्ये दिली त्यांवर विधिमंडळाने ‘वाजवी’ निर्बंध घालावेत, असे त्याच अनुच्छेदात आहे. आणि निर्बंध वाजवी आहे किंवा कसे हे न्यायालयाने ठरवावयाचे. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या 1948 च्या एका कायद्याने शेतीच्या हंगामात ठराविक गावांतून विड्या वळण्यास बंदी करण्याचा अधिकार डेप्युटी कमिशनराला दिला होता. हेतू हा, की मजूर शेतावर यावेत. सागर जिल्ह्यात 1950 मध्ये असा हुकूम निघाला आणि एका कारखानदाराने व एका कामगाराने सर्वोच्च न्यायालय गाठले. न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांनी विचारले, की जी म्हातारी माणसे, जी अपंग माणसे, ज्या स्त्रिया शेतात राबूच शकत नाहीत आणि घरबसल्या विड्या वळून चार पैसे मिळवितात, त्यांचे हात बांधून शेतीला कोणता लाभ होणार? हेतू निर्दोष, पण जाळे हेतूहून मोठे. म्हणून निर्बंध अवाजवी. या निवाड्याशी कोणाही सहृदय माणसाचे मत जुळेल. परंतु हे बोलताना न्यायालय हद्द पाहत होते की पीक, हे प्रामाणिकपणे सांगणे कठीण आहे.

या अडचणीची कबुली सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी 1952 मध्ये मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. राव या प्रकरणात जितक्या मोकळेपणाने दिली तितक्या मोकळेपणाने ती क्वचितच कोणी दिली असेल. कोणता हक्क बाधित झाला, निर्बंधामागील प्रयोजन काय, ज्या अनिष्टाचा परिहार करावयाचा ते किती व्यापक व किती निकडीचे, उपाय त्या मानाने अतिरिक्त आहे काय, तत्कालीन परिस्थिती कशी होती, हे सारे पाहावे, असे सांगून त्यांनी पुढे म्हटले, की असा निर्णय देताना न्यायाधीशांचे सामाजिक तत्त्वज्ञान आणि त्यांची मूल्यांची तरतमता यांचा प्रभाव पडणे अटळ आहे. त्याला आवर घालणारी गोष्ट एकच, की घटना केवळ आपल्यासारखे विचार करणाऱ्यांसाठी नाही, याचे भान आणि लोकप्रतिनिधींविषयीचा आदर. अलीकडे न्यायालये या कसोटीला प्रमाणबद्धतेचे शास्त्रशुद्ध रूप देऊ लागली आहेत आणि तिच्या पायऱ्या अधिक स्पष्टपणे मांडू लागली आहेत. तरी शेवटच्या पायरीवर लाभ आणि हानी यांचे तोलमापन करताना तराजू धरणारा हात माणसाचाच राहतो.

तो हात किती वेगवेगळा असू शकतो हे मुंबईच्या बहिष्कार-प्रतिबंधक कायद्यात दिसते. 1949 च्या या कायद्याने कोणत्याही जमातीने आपल्या सभासदास वाळीत टाकणे बेकायदा केले. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये चार विरुद्ध एक अशा मतांनी कायदा रद्द केला, कारण धर्मकारणास्तव बहिष्कृत करण्याचा अधिकार हा पंथाने आपला कारभार स्वतः पाहण्याच्या हक्काचा भाग ठरला. एकटे सरन्यायाधीश सिन्हा विरुद्ध गेले. वाळीत टाकलेल्या माणसाची समाजात जी अवस्था होते ती अस्पृश्यतेच्या जवळ जाणारी आहे, असे त्यांना वाटले. घटना तीच, कलमे तीच, पुरावा तोच. वाळीत टाकणे म्हणजे काय हे ज्यांनी आपल्या गावकीत पाहिले आहे अशा मराठी वाचकास सिन्हांचे मत अधिक जवळचे वाटले तर नवल नाही, आणि 2023 मध्ये त्या जुन्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला आहे. खुद्द घटनादुरुस्तीही या परीक्षेतून सुटत नाही, हे तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती प्रकरणात ठरविले. त्या प्रकरणात नानी पालखीवाला आणि एच. एम. सिरवई हे मुंबईचे दोन विधिज्ञ समोरासमोर उभे होते. परंतु तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे आणि येथे त्याला हात घालणे उचित नव्हे.

राहता राहिला एक प्रश्न, ज्याकडे कायद्याची पाठ्यपुस्तके फारसे लक्ष देत नाहीत: घटनाबाह्य ठरलेल्या कायद्याचे पुढे होते काय? न्यायालय तो पुस्तकातून खोडू शकत नाही. तो मागे घेणे हे विधिमंडळाचे काम. 2012 च्या नोव्हेंबरात मुंबईतील बंदवर समाजमाध्यमावर मत व्यक्त केल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, देशभर गहजब उडाला, आणि त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. हे कलम संदिग्ध आणि अतिव्यापक आहे, म्हणून 24 मार्च 2015 रोजी ते समूळ रद्द झाले. तथापि छापील कायद्यात ते जेथल्या तेथेच राहिले, खाली बारीक अक्षरांत एक टीप तेवढी आली. आणि निरनिराळ्या राज्यांतील पोलीस ठाण्यांत त्या मृत कलमाखाली गुन्ह्यांची नोंद होतच राहिली. 2021 मध्ये ही गोष्ट नजरेस आणून दिल्यावर न्यायालयाने विस्मय व्यक्त केला. आणि 12 ऑक्टोबर 2022 रोजी, सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाला, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, चालू असलेल्या खटल्यांतून त्याचा उल्लेख काढावा, आणि राज्यांच्या पोलीस महासंचालकांनी आपल्या दलांस तशा सूचना द्याव्यात, असा नवा हुकूम काढावा लागला.